त्रेचाळिसाव्या वर्षीचं बूच

पोर्तुगालच्या दक्षिणेला अलेंतेजु प्रांत आहे. तिथल्या ओकच्या रानांत खोडाखोडावर पांढऱ्या रंगात एकच आकडा रंगवलेला दिसतो. कुठे 4, कुठे 7, कुठे 1. झाडाची साल ज्या वर्षी काढली, त्या वर्षाचा तो शेवटचा अंक. 2024 मध्ये सोललेल्या झाडावर 4 लिहिलेला असेल, तर 2033 उजाडेपर्यंत त्याला कुऱ्हाड लागणार नाही. जगातलं निम्म्याच्या आसपास बूच पोर्तुगालमधून येतं, ते या शिस्तीवर.

ज्याच्या सालीचं बूच होतं, तो हा ओकचा एक सदाहरित प्रकार आहे. पांढऱ्या सुवासिक फुलांचं आपल्याकडचं बुचाचं झाड अगदी वेगळ्या कुळातलं. ओकची साल पहिल्यांदा काढतात तेव्हा झाड सुमारे पंचवीस वर्षांचं असतं. ती साल खडबडीत आणि वेडीवाकडी निघते. नऊ वर्षांनी येणारी दुसरी सालही बाटलीच्या कामाची नसते. फरशा, तक्ते असल्या वस्तूंसाठी ती जाते. तिसऱ्या खेपेला, झाड त्रेचाळीस वर्षांचं झाल्यावर, बाटलीला लावण्याजोगी गुळगुळीत, एकसारखी साल हाती येते. रोप लावणारा माणूस हे पीक बहुधा मुलानातवंडांसाठीच लावतो. पुढे मात्र झाड भरभरून देतं. आग्वाश द मोउरा गावातला एक ओक 1783 साली लावलेला आहे, आणि 1820 पासून त्याची साल वीसहून अधिक वेळा काढली गेली आहे. 2009 मध्ये या एकाच झाडानं 825 किलो साल दिली. सुमारे एक लाख बाटल्यांना पुरेल इतकी.

साल काढायचा हंगाम मे ते ऑगस्ट. झाड वाढीला लागलेलं असतं, म्हणून साल आतल्या थरापासून सहज सुटते. कामगार खोडावरची उभी भेग हेरून तिच्यात कुऱ्हाड घालतो, पातं किंचित पिळतो, मग आडवा छेद देतो आणि दांड्याचं निमुळतं टोक पाचरीसारखं सारून अख्खा पत्रा अलगद सोडवतो. घाव थोडा जरी खोल गेला तरी आतला जिवंत थर दुखावतो आणि तिथं पुन्हा नीट साल धरत नाही. किती खोल मारायचं हे मनगटाला कळावं लागतं. म्हणूनच शेतीकामात या कुऱ्हाडवाल्यांची मजुरी सर्वांत चढ्या मजुरींपैकी एक आहे, आणि ती रास्तच आहे.

हे पत्रे महिनोन्‌महिने उघड्यावर मुरवतात, उकळतात आणि त्यांच्या पट्ट्या पाडून त्यांतून बुचं कोरतात. कोरताना झाडाच्या उंचीची दिशा धरतात, म्हणजे सालीतली श्वासछिद्रं बुचात आडवी येतात आणि वाइन त्यांतून वर झिरपत नाही. बुचाच्या एका घन सेंटिमीटरमध्ये हवेनं भरलेल्या सुमारे चार कोटी पेशी असतात. रॉबर्ट हुकनं 1665 साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले ते कप्पे बुचाचेच. या हवेमुळे 24 मिलिमीटर व्यासाचं बूच 18-19 मिलिमीटरच्या तोंडात दाबून बसतं आणि वर्षानुवर्षं काचेला आतून रेटत राहतं.

पण बुचात एक खोट असू शकते. सालीवरची बुरशी आणि क्लोरीनयुक्त द्रव्यं यांच्या संयोगातून टीसीए नावाचं रसायन तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास येतो आणि फळाचा स्वाद मरतो. प्रकृतीला त्यापासून अपाय नाही, पण बाटली वाया जाते. हान्स टॅनर या स्विस संशोधकानं 1981 मध्ये हा गुन्हेगार ओळखला. बूच कारखान्यांनी मनावर घ्यायला मात्र फार उशीर केला. शेवटी 2000 साली ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या रीसलिंग वाइनच्या उत्पादकांनी एकजुटीनं फिरकीचं ॲल्युमिनियम झाकण स्वीकारलं; पाठोपाठ न्यूझीलंड वळलं, आणि आज तिथली बहुतेक सगळी वाइन त्याच झाकणाची असते. तो धक्का बसल्यावर पोर्तुगालमध्ये वाफेची प्रक्रिया आणि बुचांची कसून तपासणी आली. स्पर्धेनं बुचाचं भलंच केलं.

तरीही हा सामना झाकणानं पूर्ण जिंकू नये असं मला मनापासून वाटतं. या रानांत ओकखाली गुरं-डुकरं चरतात, पक्षी घरटी करतात. 2011 पासून हा ओक पोर्तुगालचा राष्ट्रीय वृक्ष आहे आणि परवानगीशिवाय तो तोडता येत नाही. पण कायदा झाड तोडू देत नसला, तरी रान राखायला पैसा लागतो, आणि त्यातला मोठा वाटा बाटलीच्या बुचातूनच येतो.

आता उघडण्याविषयी. बूच काढायच्या स्क्रूचं पहिलं पेटंट 1795 साली सॅम्युएल हेन्शल या इंग्रज पाद्र्यानं घेतलं. वेटरच्या खिशातला घडीचा, तरफेचा ओपनर कार्ल वीन्के या जर्मन माणसाचा, 1882 चा. माझ्या मते त्याहून चांगलं साधन अजून झालेलं नाही. टोक बरोबर मधोमध रोवावं, शेवटचा वेढा बाहेर ठेवावा म्हणजे बुचाचा भुगा वाइनमध्ये पडत नाही, आणि तरफेनं सावकाश उचलावं. शँपेनला स्क्रू कधीही लावू नये. आत गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. तारेची जाळी सैल करतानाही अंगठा बुचावरून हलवू नये. मग बूच घट्ट धरून बाटली फिरवावी.

बुचाची बाटली बराच काळ ठेवायची तर आडवी आणि थंड जागी ठेवावी. उभी राहिली तर बूच हळूहळू सुकतं. फिरकीच्या झाकणाला ही अट नाही. नाशिकची ताजी पांढरी वाइन अशा झाकणाची मिळाली तर तिला कमअस्सल समजू नका. वर्ष-दोन वर्षांत प्यायच्या वाइनला तेच झाकण योग्य. दहा वर्षं मुरवायची लाल वाइन विकत घेणार असाल, तर मात्र बुचाचीच घ्या.