वेळासच्या ओटीवर दोन रात्री

हरभरा मळून झाला आणि गहू अजून हिरवट आहे, असे चार दिवस फेब्रुवारी-मार्चमध्ये सापडतात. तेवढ्यात मुलांना समुद्र दाखवावा असे मनात असेल, तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जा.

गाव मंडणगड तालुक्याच्या अगदी टोकाला, बाणकोटच्या खाडीपाशी आहे. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. मंडणगडपर्यंत एसटीने यावे. पुढच्या फेऱ्या मोजक्याच, म्हणून परतीची वेळही तिथेच विचारून ठेवा. हरिहरेश्वरकडून येणाऱ्यांनी बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला उतरावे. मुलांना त्या बोटीचीच मौज अधिक वाटते!

उतरायचे ते गावकऱ्यांच्या घरी. जाण्याआधी फोन मात्र करा. आम्ही तो आळस केला आणि दिवेलागणीला सहा माणसे दारात उभी राहिलो. घर पाहुण्यांनी भरलेले होते. काकूंनी कपाळाला आठी घातली नाही. शेजारच्या ओटीवर आमची सोय केली आणि पुन्हा चूल पेटवली. पण घरचाच स्वयंपाक तो, मापात शिजणारा. आयत्या वेळी सहा पाने वाढली की त्या बाईची किती धांदल होते, हे आपल्या घरातल्या बायकांना सांगायला नको. पाणीही बेताने वापरावे. जेवणात भात, सोलकढी आणि कुळथाचे पिठले. कुळीथ म्हणजे आपले हुलगेच, पण आमच्या मुलांनी ते घरी कधी इतक्या आवडीने खाल्ले नव्हते.

वेळासची खरी नवलाई कासवांची. समुद्री कासवाची मादी रात्री वाळूवर येते, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पुन्हा फिरकत नाही. पूर्वी ही अंडी माणसेही काढून नेत, उरलेली कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. अंडी उचलून कुंपणात पुरतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले निघतात. ती पाहायला लोक येऊ लागले, घरोघरी उतरू लागले आणि अंडी राखण्यातूनच गावाला चार पैसे मिळू लागले.

सकाळ-संध्याकाळ वाळूवरच्या टोपल्या उचलून पाहतात. पिल्ले निघालीच तर दर्शन, नाहीतर रिकामी वाळू. म्हणून दोन रात्री तरी राहा. आम्हाला पहिल्या संध्याकाळी काही दिसले नाही. धाकटा रुसून बसला. दुसऱ्या सकाळी सात पिल्ले निघाली. दोरीच्या अलीकडे उभे राहायचे, हात लावायचा नाही. शेवटचे पिल्लू लाटेने दोनदा मागे फेकले. तिसऱ्यांदा ते गेले, तेव्हा कुठे धाकट्याने माझा हात सोडला.

निघताना काकूंनी आमसुलांची पुडी दिली. त्यांना ज्वारी पाठवायचे आम्ही कबूल केले आहे. खळे झाले की पायली दोन पायली धाडणार आहोत.