उन्हाची वीज, विहिरीचे पाणी

ओलितासाठी रात्री-अपरात्री मोटार सुरू करायला जाणे म्हणजे काय, हे चिखली-मोताळ्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको. शिवाय ही वीज बहुतांशी कोळशाची. त्याच्या धुराने हवामान बिघडते. यावर तोड म्हणून २०१९ साली केंद्र सरकारने कुसुम योजना काढली. महाराष्ट्रात सर्वसाधारण शेतकऱ्याने सौर पंपाच्या किमतीचा दहावा हिस्सा भरायचा, बाकीचा भार सरकारवर. दिवसा ओलित होते, जागरण टळते.

पण ऊन फुकट, म्हणून पंप दिवसभर चालतो. आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुरते थोडेच. एकाचा गहू भिजतो अन् शेजाऱ्याची विहीर आटते. पंप नाकारणे पुढाऱ्यांना जड जाते. तेव्हा गावानेच आधी पाण्याचा ताळेबंद मांडावा. कृषी संजीवनी प्रकल्पाने २०१८ नंतर ही रीत दाखवली आहे. कोळसा वाचवून पाणी घालवले, तर कमावले काय?