बॉल दिसण्याआधीच ओळखायचा, बॉस!

फास्ट बॉल झोडपणाऱ्यांचे डोळे आपल्यापेक्षा वेगळे असतात, असं आपण धरून चालतो. खरं तर वेगळी असते ती त्यांची शिकवणी. अमेरिकेतल्या बेसबॉल पार्कपासून चेन्नईच्या नेट्सपर्यंत आणि तिथून थेट मोहाडीच्या शाळेपर्यंत!

सकाळी बॉस केबिनमध्ये शिरतो. नुसतं 'गुड मॉर्निंग' म्हणतो. आणि आज रजेचा विषय काढायचा की गपचूप कीबोर्ड बडवायचा, हे तुम्हाला तेवढ्यात कळतं. होय ना? बॅग टेबलवर ठेवली की आदळली, आवाज कुठे खाली आला, नजर कुठे गेली, हे सगळं तुम्ही अर्ध्या सेकंदात वाचलेलं असतं. जॉइन झालात त्या दिवशी हे येत होतं का? अजिबात नाही. चार-सहा वेळा चुकीच्या मूडमध्ये चुकीचा विषय काढला, तेव्हा कुठे जमायला लागलं.

बेसबॉलमधला बॅटर अगदी हेच करतो. फक्त त्याचा 'बॉस' ताशी 150 किलोमीटरच्या वेगानं अंगावर येत असतो.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे गोंधळ नको. बेसबॉलमध्ये 'पिच' म्हणजे खेळपट्टी नव्हे, तर पिचरनं टाकलेला बॉल. आणि कुठला बॉल आलाय हे ओळखणं म्हणजे पिच रेकग्निशन. या भानगडीत मी पडले ती माझ्या मामेबहिणीमुळे.

मोहाडीहून आलेला फोन

भंडाऱ्याहून तुमसरला जाताना मोहाडी लागतं. चौंडेश्वरी देवीचं गाव, चहूकडे धानाच्या बांध्या. माझं आजोळ. तिथली माझी मामेबहीण दहावीत आहे आणि शाळेच्या टीममधून बेसबॉल खेळते. हसू नका. आपल्याकडच्या शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही खेळले जातात आणि तालुक्याच्या गावातल्या पोरी ते जीव तोडून खेळतात.

तर एका रात्री तिचा फोन आला. आवाज पडलेला. "ताई, मी सोडून देते. मले कर्व्ह दिसतच नाही. सिलेक्शनवाले सर म्हणाले, तुझी नजरच स्लो आहे."

सरळ बॉल ती मस्त मारते. पण वाकून खाली पडणारा कर्व्हबॉल आला, की बॅट हवेत आणि बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये. एकदा 'नजर स्लो' असा शिक्का बसला, की पुढे काय? उंची वाढत नाही तशी नजरही वाढत नाही, असं धरून घरचे म्हणणार, "जाऊ दे, दहावीचं वर्ष आहे." आणि एक चांगली खेळाडू चुपचाप वह्या-पुस्तकांत परत जाणार.

मला प्रश्न पडला, नजर खरंच स्लो असते का?

गणित काय म्हणतं?

पिचरच्या पायाखालच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचं अंतर 60 फूट 6 इंच, म्हणजे साधारण साडेअठरा मीटर. पिचर पुढे झुकून टाकतो, त्यामुळे बॉलचा प्रत्यक्ष प्रवास आणखी कमी. ताशी 150 किलोमीटरचा बॉल सुमारे 0.4 सेकंदात पोचतो. त्यातले दीड दशांश सेकंद तर नुसती बॅट फिरवण्यात जातात. म्हणजे मारायचा की सोडायचा आणि मारायचा तर कुठे, हे ठरवायला पाव सेकंदही धड उरत नाही. बॉल निम्म्या वाटेवर येईतो निर्णय झालेला असावा लागतो!

मग यशस्वी बॅटरचे रिफ्लेक्स विजेसारखे असणार, नाही का? इथेच गंमत आहे. अल्बर्ट पुजोल्स हा मेजर लीगमधला एक जबरदस्त बॅटर. 2006 मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत त्याच्या चाचण्या झाल्या. 1921 साली बेब रूथ या दंतकथा झालेल्या खेळाडूच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत अशाच चाचण्या घेतल्या होत्या, त्याच धर्तीवर. साध्या रिअॅक्शन टाइममध्ये पुजोल्स निघाला सर्वसाधारण कॉलेजकुमारांपेक्षा जरासाच बरा. शंभरातले तीसेक विद्यार्थी त्याच्याहून चपळ ठरले असते.

त्याहून भारी किस्सा 2004 चा. एका प्रदर्शनीय सामन्यात याच पुजोल्ससमोर सॉफ्टबॉलची ऑलिंपिक विजेती पिचर जेनी फिंच उभी राहिली. तिचा बॉल वेगाला कमी, आकारानं मोठा. पण ती टाकते खांद्याच्या खालून, अंतरही कमी. पुजोल्सला बॉल लागला नाही. स्ट्राइक आउट! डोळे तेच, हात तेच. मग गेलं काय? त्याच्या डोक्यात साठलेली हजारो पिचरांच्या खांद्यांची, कोपरांची, मनगटांची चित्रं त्या दिवशी कामाची नव्हती. फिंचच्या हाताचं चित्र त्या अल्बममध्ये नव्हतंच.

म्हणजे जी गोष्ट आपण 'नजर' म्हणून खपवतो, ती बऱ्याच अंशी ओळख असते. तुमसरच्या बाजारातला जुना व्यापारी मूठभर धान तळहातावर घेतो आणि भाव सांगतो. त्याला काही आपल्यापेक्षा जास्त दिसत नाही. त्यानं जास्त पाहिलेलं असतं.

नेमकं बघायचं काय?

फास्टबॉल हातातून सरळ रेषेत सुटतो. कर्व्हबॉलला पुढच्या दिशेनं फिरकी असते आणि तो सुटताना क्षणभर वर उसळल्यासारखा दिसतो. तो छोटासा उंचवटा दिसला की समजायचं, पुढे हा पडणार. स्लायडरवरची लाल शिवण अशी गरगरते, की बॅटरला बॉलवर एक लाल ठिपका दिसतो. आणि चेंजअप हा खरा ठग. हाताचा वेग फास्टबॉलचाच, बॉल मात्र रेंगाळत येतो.

हे शिकवता येतं, याचे पुरावे जुने आहेत. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात बॉलच्या शिवणीवर नारिंगी पट्टे रंगवले आणि कॉलेजच्या पाच खेळाडूंना कर्व्हबॉल टाकले. फिरकी ठळक दिसल्यावर त्यांचे फटके जास्त चांगले बसले. साउदर्न इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या पीटर फॅडी यांनी दुसरी युक्ती वापरली. पिचरचा व्हिडिओ दाखवायचा, बॉल हातातून सुटल्यावर क्षणात स्क्रीन काळी करायची आणि विचारायचं, "सांग, कुठला होता?" उत्तर आलं की चित्र आणखी लवकर तोडायचं. ना बॅट, ना घाम, फक्त ओळख परेड.

आता मामला हायटेक झालाय. ट्रॅजेक्ट आर्क नावाच्या मशीनच्या पडद्यावर खरा पिचर अॅक्शन करताना दिसतो आणि त्याच जागेतून त्याच्याच फिरकीचा बॉल बाहेर येतो. 2024 पासून मेजर लीगनं मॅच सुरू असतानाही ते वापरायची मुभा दिली.

पुढचा बॉल कुठला, ही माहिती किती मोलाची असते? ह्युस्टन अॅस्ट्रोजनं 2017 च्या सीझनमध्ये कॅमेऱ्यातून कॅचरच्या खुणा चोरल्या आणि डगआउटजवळचा कचऱ्याचा डबा बडवून बॅटरला कळवलं. डबा वाजला तर वळणारा किंवा स्लो बॉल, शांतता असली तर फास्टबॉल! जानेवारी 2020 मध्ये लीगनं 50 लाख डॉलर दंड ठोकला आणि मॅनेजर, जनरल मॅनेजर दोघांना वर्षभर घरी बसवलं.

आपल्याकडचे धडे

क्रिकेटमध्ये तरी वेगळं काय आहे? ब्रिटनमधल्या मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड यांनी 2000 साली बॅट्समनच्या डोक्यावर कॅमेरा बसवून त्यांची नजर टिपली. कुणीही बॉलवर सतत नजर ठेवत नव्हता. बॉल सुटताना पाहायचा, मग नजर थेट टप्पा पडणार त्या जागी टाकायची आणि तिथे बॉलची वाट बघायची. चांगला बॅट्समन ही उडी लवकर मारतो, इतकंच. 'बॉलवरून नजर हटू देऊ नको' हा सल्ला शब्दशः कुणीच पाळत नाही.

आणि आपला सचिन? 1998 मध्ये शेन वॉर्न भारतात येणार होता. लेगस्टंपच्या बाहेरच्या उखडलेल्या मातीत टप्पा टाकून वॉर्न बॉल आत वळवणार, हे सचिननं आधीच हेरलं. चेन्नईत त्यानं लक्ष्मण शिवरामकृष्णनला नेमका तिथेच बोलिंग करायला लावलं. चेपॉक टेस्टच्या पहिल्या डावात वॉर्ननं त्याला 4 वर काढलं. दुसऱ्या डावात सचिन नाबाद 155! एका टेस्टमध्ये कुणाचे डोळे सुधारत नाहीत. तयारी कामाला आली.

आचरेकर सर शिवाजी पार्कवर सचिनला एका मैदानातून दुसऱ्या मैदानात मॅच खेळायला पळवत, हे आपण मेहनतीची गोष्ट म्हणून ऐकतो. पण त्यात आणखी एक गोष्ट दडली आहे. रोज नवा बोलर, नवा हात, नवी अॅक्शन. अल्बम भरत गेला.

खुणांचा मामला आपल्याकडेही झालाय, तोही नियमात बसणारा. न्यूझीलंडचा ख्रिस केर्न्स रिव्हर्स स्विंग करताना बॉल झाकून पळायचा. तेव्हा नॉन-स्ट्रायकर सचिन चकाकणारी बाजू बघून बॅट या किंवा त्या हातात धरायचा आणि राहुल द्रविडला कळायचं. हा किस्सा खुद्द सचिननंच सांगितलाय.

एक आणखी आठवतं. 2008 मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' स्पर्धेतून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल अमेरिकेत पोचले. दोघंही पिचर म्हणून. बरोबरच आहे, हाताचा वेग स्पीडगननं एका दुपारी मोजता येतो. बॅटर असा एका दुपारी सापडत नाही, कारण त्याला हजारो बॉल पाहावे लागतात. मग एका ट्रायलवरून 'नजर स्लो' असा निकाल कसा लावता येईल?

वीस बॉल, बॅट नाही

दिवाळीच्या सुट्टीत मी मोहाडीला गेले तेव्हा हे सगळं लॅपटॉपवर घेऊन गेले होते. मामेबहिणीच्या पीटीच्या सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मशीनचं चित्र पाहून म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे हे नाही. पण ते डोळे बंद करायचं आपल्याला जमेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या बॉलच्या शिवणीवर नारिंगी ऑइलपेंट लावला. बहिणीला हेल्मेट घालून प्लेटवर उभं केलं आणि बॅट काढून घेतली. पिचर टाकणार, तिनं फक्त ओरडायचं, "सरळ!" नाहीतर "कर्व्ह!" तेही बॉल कॅचरकडे पोचायच्या आत. उशिरा ओरडलं तर चूक धरायची. पहिल्या दिवशी वीसपैकी आठ बरोबर. नाणं उडवलं असतं तरी जास्त आले असते! पाचव्या दिवशी तेरा. मग सरांनी रंग नसलेला बॉल घेतला, आकडा परत दहावर आला. ती रडकुंडीला आली. सर म्हणाले, "रडू नको. काय बघून चुकलीस ते सांग."

आणि तिनं सांगितलं. ती बॉल बघत होती, हात बघत नव्हती. बॉल निम्म्या वाटेवर आल्यावर तिची नजर त्याला शोधायची.

मी पुण्याला परतले तेव्हा साध्या बॉलवर ती चौदावर होती. पुढच्या ट्रायलचं काय होईल, ते ट्रायल ठरवेल. पण फोनवर आता ती "मले दिसत नाही" म्हणत नाही. "त्याचं मनगट लवकर वळलं ना ताई, तवाच समजलं," असं म्हणते.

तुम्हालाही करून बघायचंय?

वीकेंडला सोसायटीत टेनिस बॉल क्रिकेट खेळता ना? मग हे घ्या.

• पहिले दहा बॉल बॅट न फिरवता सोडा. बोलरचा हात बघून मोठ्यानं सांगा, स्लो की फास्ट, आत की बाहेर.

• बॉलवर स्केच पेननं मोठे आकडे लिहा. मित्राला हलक्या हातानं टाकू द्या आणि झेलण्याआधी आकडा सांगा.

• मोबाइलवर बोलरची अॅक्शन शूट करा. बॉल सुटतो तिथे पॉज. आता ओळखा, मग प्ले करा.

• एकाच मित्राची बोलिंग रोज खेळू नका. डावखुरा शोधा, लेगस्पिनर शोधा, वरच्या मजल्यावरच्या काकांनाही बोलवा.

• चुकलात तर 'मिस झाला' म्हणून सोडून देऊ नका. काय बघितलं होतं, ते आठवा.

आणि हो, तुमच्या सोसायटीतल्या, शाळेतल्या किंवा गावाकडच्या एखाद्या पोरीला कुणी 'तुझी नजरच स्लो आहे' म्हणालं, तर त्या माणसाला एवढंच विचारा, "तिला आजवर किती बॉल नीट बघायला दिलेत?"