कपड्याचा पासपोर्ट: त्यात आपल्या मागाची नोंद येणार का?

शर्टाच्या कॉलरमागची पट्टी वाचली तर काय सापडतं? कंपनीचं नाव, साइज, '६० टक्के कॉटन, ४० टक्के पॉलिस्टर' आणि फार तर 'मेड इन इंडिया' किंवा 'मेड इन बांगलादेश'. म्हणजे शिलाई कुठल्या देशात झाली तेवढं कळतं. सूत कुठं कातलं, कापड कुठल्या मागावर विणलं, रंग कुठं चढवला, याचा पत्ताच नसतो.

ही माहिती कपड्यासोबत ठेवायची व्यवस्था युरोपियन युनियन उभी करत आहे. तिला 'डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट' असं नाव आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांनी हा विषय आत्ताच समजून घ्यायला हवा, म्हणून हा लेख.

पासपोर्ट म्हणजे नेमकं काय?

मूल शाळेत दाखल झालं की जनरल रजिस्टरमध्ये त्याला एक नंबर मिळतो. शाळा बदलली की दाखल्यावर तो नंबर जातो, आणि नव्या शाळेला जुनी नोंद तपासता येते. कपड्याचा पासपोर्ट साधारण असाच चालेल.

कपड्यावर क्यूआर कोड किंवा तशीच एखादी खूण असेल. त्यामागे एक ओळख क्रमांक असेल. मोबाइलनं स्कॅन केलं की माहिती उघडेल. ही सगळी माहिती एकाच सरकारी कॉम्प्युटरवर नसेल. माल युरोपच्या बाजारात आणणारी कंपनी ती सांभाळेल आणि तिची एक प्रत दुसरीकडे ठेवावी लागेल. उद्या कंपनी बुडाली तरी नोंद बुडायला नको. युरोपियन कमिशनच्या मध्यवर्ती रजिस्टरमध्ये फक्त ओळख क्रमांकासारख्या मोजक्या गोष्टी राहतील आणि कस्टमवाले त्यावरून माल तपासतील. ग्राहक, दुरुस्ती करणारा, जुन्या कपड्यांचं रिसायकलिंग करणारा आणि सरकारी अधिकारी, प्रत्येकाला त्याच्या गरजेपुरती माहिती दिसेल.

हा कायदा १८ जुलै २०२४ पासून लागू झाला. तो फक्त कपड्यांसाठी नाही, अनेक वस्तूंसाठी आहे. कुठल्या वस्तूला काय माहिती द्यायची, याचे नियम वेगवेगळे ठरणार आहेत. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आराखड्यात कपड्यांचे नियम २०२७ साली ठरवायचं वेळापत्रक आहे. नियम ठरल्यावर साधारणपणे किमान दीड वर्ष तयारीसाठी मिळतं. म्हणजे वेळ आहे, पण फार नाही.

फ्रान्सनं तर आधीच सुरुवात केली आहे. तिथं मोठ्या कंपन्यांना २०२३ पासून कपडा कुठल्या देशात विणला, कुठं रंगवला-छापला आणि कुठं शिवला, हे तिन्ही सांगावं लागतं. विणकामाचा वेगळा उल्लेख आहे, हे लक्षात घ्या.

याची गरज का पडली?

२४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावर इथं राणा प्लाझा ही इमारत कोसळली. तिच्यात कपड्यांचे पाच कारखाने होते. ११०० हून जास्त माणसं मेली, त्यात बहुतेक तरुण मुली आणि बाया होत्या. त्यानंतर प्रश्न आला की हे कपडे शिवले जात होते कुणासाठी? काही कंपन्यांनी सुरुवातीला हात वर केले. मग कामगारांसाठी लढणाऱ्या लोकांनी ढिगाऱ्यात उतरून कपड्यांच्या पट्ट्या आणि ऑर्डरचे कागद गोळा केले, आणि त्यावरून नावं पुढं आली. मेलेल्यांच्या घरच्यांना मिळायची भरपाई अशा पुराव्यावर अवलंबून होती. हिसाब ठेवलेला नसला की जबाबदारीतून पळणं किती सोपं असतं, हे त्या दिवशी दिसलं.

दुसरं कारण जुन्या कपड्यांचं. पानिपतमध्ये परदेशातून आलेले जुने कपडे निवडून त्यांचं पुन्हा सूत केलं जातं. कपड्यात कुठला धागा किती आहे हे पट्टी फाटली की कळत नाही. पासपोर्ट असेल तर हे काम सोपं होईल.

साखळी कुठं तुटते?

आता आपल्याकडचा प्रवास बघा. कापूस जिनिंगमध्ये येतो तिथंच अनेक शेतकऱ्यांचा माल एक होतो. त्याची साधारण १७० किलोची गाठ बनते. गिरणीत अनेक गाठी मिसळून सूत निघतं. ते व्यापाऱ्याकडून मागवाल्याकडे येतं. वार्पिंग, सायझिंग होऊन बीम मागावर चढतो. कोरं कापड निघतं आणि मालेगावचं बरंचसं कापड रंगाई-छपाईला राजस्थानात पाली, बालोतऱ्याकडे जातं. तिथून पुन्हा व्यापारी आणि मग शिलाईचा कारखाना.

या साखळीची दोन्ही टोकं हळूहळू नोंदीत येत आहेत. भारत सरकारच्या 'कस्तुरी कॉटन' योजनेत गाठीवर क्यूआर कोड लागतो. दुसऱ्या टोकाला निर्यात करणाऱ्या मोठ्या कारखान्यांकडे सगळा कागद तयार असतो. मधला तुकडा मात्र अंधारात आहे, आणि तो तुकडा म्हणजे आपण. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगावात हातमाग टाकले, पुढं त्यांचे यंत्रमाग झाले. कलाकुसर पिढ्यान् पिढ्या आली, पण नोंदी बहुतेक मालकाच्या डोक्यात किंवा छोट्या डायरीत राहिल्या. मजुरीवर काम करणाऱ्याला तर सूतही व्यापाऱ्याचं आणि कापडही व्यापाऱ्याचं. त्याच्या नावाचा कागद बनतच नाही.

कुणी म्हणेल, आमचं कापड देशातच विकलं जातं, युरोपशी आमचं काय देणंघेणं? बहुतेक कापड देशातच खपतं हे खरं. पण निर्यातदाराला उद्या कापड घ्यायचं असेल तर तो आधी विचारेल, 'नोंद आहे का?' नसेल तर नोंदी ठेवणाऱ्या मोठ्या मिलकडे जाईल. तुमचं कापड वाईट आहे असं कुणी म्हणणार नाही. फोन यायचा बंद होईल, एवढंच.

पासपोर्टनं सगळं सुटेल का?

नाही. पासपोर्टमध्ये जे भरलं तेच दिसतं. २०२० मध्ये भारतातच सेंद्रिय कापसाची बनावट प्रमाणपत्रं उघडकीला आली होती. 'गॉट्स' या सेंद्रिय कापडाचं मानक ठरवणाऱ्या संस्थेनं सुमारे २० हजार टन मालाबद्दल ही गोष्ट जाहीर केली. क्यूआर कोड आला म्हणून खोटं बोलणारा खरं बोलायला लागत नाही. ईमान माणसात असावं लागतं आणि तपासणारा जागेवर जावा लागतो.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. हा कायदा मुख्यतः पर्यावरणाचा आहे. कपडा किती टिकेल, त्यात रिसायकल केलेला धागा किती, घातक रसायनं कुठली, असे त्याचे विषय आहेत. कारखान्याचा ओळख क्रमांक मागायची सोय त्यात आहे. पण मागावर बारा तास उभं राहणाऱ्याला मजुरी किती मिळाली, हे पासपोर्ट विचारत नाही. माग नोंदीत येईल, मागावरचा माणूस येईलच असं नाही. ती मागणी आपल्यालाच करावी लागेल.

आज काय करता येईल?

महागडं सॉफ्टवेअर नको. एक रजिस्टर पुरे. सुताच्या बिलावरचा आणि पोत्यावरचा लॉट नंबर लिहा. तो लॉट कुठल्या बीमवर गेला, बीम कुठल्या मागावर चढला, त्यातून कुठले तागे निघाले आणि कुठल्या चलनावर कुणाकडे गेले, एवढं तारखेसकट लिहा. दोन लॉट मिसळले तर तेही लिहा. घरातल्या दहावी-बारावीच्या मुला-मुलीला हे मोबाइलच्या एक्सेलमध्ये महिनाभरात जमेल.

बाकीचं काम संघटनांचं आहे. कायद्यानं जबाबदारी युरोपात माल आणणाऱ्यावर आहे, पण खर्च खाली ढकलला जायला वेळ लागत नाही. म्हणून नोंदीचा नमुना सगळ्या खरेदीदारांसाठी एकच असावा, प्रत्येकाचं वेगळं ॲप नको, आणि या कामाचा मोबदला दरात मिळावा, हे आत्ताच मागायला हवं. आपल्या गावांत पॉवरलूम सर्व्हिस सेंटर आहेत. तिथं उर्दू आणि मराठीत याचं प्रशिक्षण सुरू करा, असा अर्ज द्यायला काय हरकत आहे? नियम ठरून आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे दीड-दोन वर्षं आधी केलेलं बरं.