कोरा रकाना

लिंबायत, उधना, डिंडोली ह्या सुरतेच्या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन स्थायिक झालेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. त्यांतील कित्येक वडीलधाऱ्यांची कागदोपत्री जन्मतारीख एकच आढळते : १ जून. जन्मतारीख घरी कोणी टिपून ठेवलेली नसे आणि शाळेच्या रजिस्टरातील रकाना तर कोरा ठेवता येत नसे. मग मास्तर वय अजमावून साल ठरवीत आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून १ जून लिहून मोकळे होत. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिनाअखेरीस निवृत्त होतो. म्हणूनच महाराष्ट्रात ३१ मे रोजी निवृत्तांची रांग लागते.

हाच जुना पेच संगणकाच्याही वाट्याला आला आहे. १९७० साली एडगर कॉड ह्यांनी माहिती तक्त्यांत मांडण्याची जी पद्धत सुचविली, तिच्यात पुढे ‘नल’ ही कल्पना रुजली. नल म्हणजे शून्य नव्हे. ती ‘माहीत नाही’ अशी खूण होय. खात्यात शून्य रुपये असणे निराळे आणि किती आहेत हे ठाऊक नसणे निराळे. एक अज्ञात दुसऱ्या अज्ञाताबरोबर आहे काय, असे विचारल्यास यंत्र ‘होय’ म्हणत नाही, ‘नाही’ही म्हणत नाही. त्यामुळे कोरे रकाने शोधताना बरोबरचे चिन्ह निरुपयोगी ठरते. ‘हा रकाना नल आहे काय?’ असाच प्रश्न घालावा लागतो. त्यातून कोणी नुसती स्पेसची कळ दाबली असेल, तर डोळ्यांना कोरा दिसणारा रकाना यंत्राला भरलेला वाटतो. म्हणून अशा मोकळ्या जागा आधी छाटून मगच जाणते लोक तपासणी करतात.

परंतु तपासणी कडक केली की सत्य हाती येते, असे मात्र नाही. रकाना भरल्याखेरीज अर्ज पुढे सरकत नसेल, तर माणूस काहीतरी भरतोच. आधारनोंदणीत केवळ वय सांगणाऱ्यांच्या नावे १ जानेवारी ही तारीख पडली, ती ह्याच न्यायाने. मग शाळेचा दाखला एक सांगतो, आधार दुसरेच. आणि उतारवयात खिडकीशी उभे राहून स्वतःच्या जन्माचा खुलासा करण्याची पाळी येते.

अर्ज रचणाऱ्याने ‘ठाऊक नाही’ असे सांगण्याची, निदान केवळ साल नोंदविण्याची सोय ठेवणे हाच ह्यावर उपाय. आपणही घरातील दाखले एकदा शेजारी शेजारी ठेवून पडताळावेत. आणि आजी-आजोबांना अवश्य विचारावे : धाकट्या काकांचा जन्म तापीच्या १९६८ च्या पुराआधीचा, की १९७२ च्या दुष्काळानंतरचा? सांगणारे आहेत तोवरच ते टिपून ठेवता येईल.