हरलेल्यांचं मत हवंय!

तिकीट कोणाला, हे आपल्याकडे पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत प्रायमरीत मतदारच ठरवतात, म्हणून भांडणही कार्यकर्त्यांत पेटतं. आणि गंमत बघा, ज्यांना हरवलं त्यांच्याचकडे नोव्हेंबरमध्ये मत मागायचं! २००८चंच घ्या, ओबामा विरुद्ध हिलरी. फ्लोरिडा आणि मिशिगनने नियम मोडून आधीच मतदान उरकलेलं. ३१ मे रोजी डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीने त्यांच्या प्रतिनिधींना अर्धंच मत दिलं, तशा हिलरीसमर्थकांनी ‘डेन्व्हर, डेन्व्हर’ घोषणा सुरू केल्या. म्हणजे, अधिवेशनापर्यंत लढू! ७ जूनला हिलरी थांबल्या; त्यांचे काही समर्थक मात्र नाहीत. शेवटी २७ जूनला दोघांची एकत्र सभा झाली, न्यू हॅम्पशायरमधल्या युनिटी गावात. नाव तर जुळतंच, पण तिथे प्रायमरीत दोघांनाही १०७-१०७ मतं पडली होती.