मुंबई–दिल्ली : अंतर वहीवर, वेळ धावपट्टीवर

मुंबई सेंट्रलहून राजधानीने दिल्ली १,३८४ किलोमीटर पडते. विमानाने तीच सुमारे १,१४०. हा दुसरा आकडा वहीवर स्वतः काढता येतो आणि प्रत्येकाने एकदा तरी तो काढून पाहावा, असं मला मनापासून वाटतं.

मुंबईचा विमानतळ १९.०९ उत्तर अक्षांशावर आणि ७२.८७ पूर्व रेखांशावर. दिल्लीचा २८.५७ आणि ७७.१० वर. म्हणजे अक्षांशात फरक ९.४८ अंशांचा. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटरचा, म्हणून उत्तरेकडे १,०५२ किलोमीटर. रेखांश मात्र ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात. या दोन शहरांच्या मधोमध त्यांचा एक अंश सुमारे १०१.५ किलोमीटर भरतो. ४.२३ अंशांचे झाले ४२९. आता काटकोन त्रिकोण काढा आणि पायथागोरस लावा : १,१३६. दोन-चार किलोमीटरचा फरक इथे सोडून द्यायचा. न्यूयॉर्कसारख्या लांबच्या शहराला मात्र हा सपाट त्रिकोण चालत नाही, तिथे पृथ्वीची गोलाई धरावीच लागते.

आता वेळ. वर गेल्यावर विमान ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास धावतं. भागाकार केला की येतात एक तास बावीस मिनिटं. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास वेळ छापलेली असते. मधली पन्नासेक मिनिटं जातात कुठे?

बरीचशी दोन्ही टोकांना. तिकिटावरचा वेळ सुरू होतो तो चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागचं हलतं तेव्हा आणि संपतो दिल्लीत ते ठोकळे पुन्हा लागतात तेव्हा. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी प्रामुख्याने एकच चालवावी लागते. साहजिकच रांग लागते.

पुढची गंमत दिशेची. दिल्ली ईशान्येच्या अंगाला, पण मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व–पश्चिम. बहुतेक दिवशी विमान पश्चिमेकडे उडतं, जुहूवरून थेट अरबी समुद्रावर जातं आणि मग उजवीकडे वळतं. उजव्या खिडकीशी बसलेल्याला त्या वळणात वर्सोवा, मढ, पुढे गोराईची खाडी दिसते. तोवर दिल्लीचं अंतर फारसं कमी झालेलं नसतं. दिल्लीच्या धावपट्ट्याही जवळपास पूर्व–पश्चिमच, म्हणून दक्षिणेकडून आलेल्या विमानाला शेवटी पुन्हा वळसा घ्यावा लागतो. त्यात दहा हजार फुटांखाली वेग साधारण २५० नॉटवर, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरवर आणायचा असतो. चढतानाही गती हळूहळूच येते.

राहिला वारा. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेचा जोरकस वारा वाहतो. तो ताशी १५० किलोमीटरचा धरला, तर आपला मार्ग उत्तरेपासून २२ अंश पूर्वेला झुकलेला असल्याने जाताना पाठीशी सुमारे ५६ किलोमीटर मिळतात आणि येताना तेवढेच आड येतात. मुंबई–कोलकाता मार्ग जवळपास पूर्वेकडेच जातो, तिथे वाऱ्याचा फरक याहून कितीतरी ठळक दिसतो.

वैमानिक ‘एक तास चाळीस मिनिटं’ म्हणतो तो चाकं जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ. कुणाला घ्यायला जायचं असेल, तर हा आकडा धरू नका, तिकिटावरचा धरा आणि त्यात सामान मिळेपर्यंतची वीसेक मिनिटं मिळवा.